ओव्याच्या शिक्षकांनो, एक गट वेगळा काढा

ओवे, ओवे कॅम्प आणि खारघर-तळोज्याच्या शाळांत शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना ही विनंती आहे. तुमच्या फोनवर शाळेचा, केंद्राचा, बीटाचा, तालुक्याचा असे व्हॉट्सअ‍ॅप गट आधीच आहेत. आणखी एक म्हटलं की कपाळाला आठी पडणार, हे ठाऊक आहे. तरी एक काढाच. आठ-दहा जणांचाच ठेवा. त्यात टपाल नको, 'आजच लिंक भरा' नको, वाढदिवसाचे केकही नकोत. वर्गात जे अडलं, तेवढंच त्यात यावं.

समजा, तिसरीतल्या मुलानं ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहिलं. आपण लाल फुली मारतो, 'लक्ष नाही' म्हणतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. पण त्या पोराचं लक्ष होतं. त्यानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला, सातातून दोन आणि चारातून एक. त्याच्या लेखी वजाबाकी ती हीच. त्या पानाचा फोटो गटावर टाका, नाव झाकून. कोणी विचारेल, ४२ म्हणजे दहाचे गठ्ठे किती, हे त्याला काड्यांनी दाखवता येतं का? कोणी सुचवेल, चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हातात द्या आणि त्याच्याकडे १७ काड्या मागा. एक गठ्ठा सोडल्याशिवाय त्याला त्या देताच येणार नाहीत. हे करून बघा आणि चार दिवसांनी काय झालं ते लिहा. फसलं असेल तर नक्कीच लिहा. बहुतेक गट इथंच मरतात. सल्ला सगळे देतात, पण करून पाहिल्यावर सांगायला कोणी परत येत नाही.

आपल्या भागाला अशा गटाची गरज जरा जास्तच आहे. भोवती टॉवर उठले, नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो धावू लागली. बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं वर्षाच्या मधेच वर्गात येतात आणि काम संपलं की मधेच निघून जातात. एकाच्या घरी बंजाऱ्यांची गोरमाटी, दुसऱ्याच्या घरी कन्नड, तिसऱ्याच्या घरी भोजपुरी. गोरमाटी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलीला 'पाणी' आणि 'भाकरी'पासून मराठीकडे कसं आणायचं, याचं उत्तर शेजारच्या वर्गात मिळेलच असं नाही. यवतमाळ-वाशीमच्या तांड्यावर शिकवणाऱ्या गुरुजींचं मात्र ते रोजचं काम आहे. त्यांच्यापर्यंत पोचायला आज एसटी लागत नाही. मूल जिथून आलं त्या शाळेलाही एक फोन करा. ऑनलाइन नोंदीत नाव इकडे येतं, पण मूल कुठे अडखळत होतं हे तिकडच्या बाईंनाच माहीत असतं.

शिक्षकांनी एकमेकांकडून शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, त्या सुमारास राज्यभरातले शिक्षक साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा बघायला जात होते. बरेच जण पदरमोड करून गेले. इंग्रजीच्या 'तेजस' उपक्रमात शिक्षकांचे लहान गट ठरावीक काळानं भेटत आणि एरवी फोनवरून बोलत. 'अ‍ॅक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र'सारखं जाळं तर शिक्षकांनी स्वतःच विणलं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली मिळालेला जागतिक शिक्षक पुरस्कार सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत असं म्हटलं आहे. दीक्षा अ‍ॅपवर अभ्यासक्रमही पुष्कळ आहेत, काही चांगलेही आहेत. पण भाजी चिरताना व्हिडिओ चालू ठेवायचा आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, हेही घरोघरी चालतं. त्यात शिक्षकांचा दोष मी कमी मानतो. जिथं आपल्या प्रश्नाला जागा नाही, तिथं माणूस हजेरीच लावणार.

गट काढताना काही गोष्टी सांभाळा. मुलांचे चेहरे टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, आणि कायदा नसता तरी चुकलेल्या मुलाचा फोटो दहा फोनांवर फिरवणं बरं नव्हे. रात्री उत्तराची अपेक्षा ठेवू नका, कारण बाईंना शाळा सुटल्यावर घरचा दुसरा वर्ग असतो. जिल्हा परिषदेची, पालिकेची, खासगी शाळेची अशी शिक्षक मंडळी मुद्दाम एकत्र घ्या. खारघरात रस्त्याच्या दोन बाजूंना शिकवणारे लोक वर्षानुवर्षं एकमेकांशी बोललेले नसतात. कुठं विज्ञान अडलं तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हार्बर लाइनवरच आहे.

केंद्रप्रमुखांना एक सांगणं आहे. या गटाचा अहवाल मागू नका, फोटो मागू नका, आणि तुम्हाला बोलावल्याशिवाय त्यात येऊही नका. शिक्षण परिषदेत मात्र त्यातल्या एका प्रश्नाला अर्धा तास द्या. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, पनवेलमध्येच आहे. तिथल्या अधिव्याख्यात्यांना त्या अर्ध्या तासाला बोलवा, भाषणासाठी नव्हे, ऐकण्यासाठी.

आणि पालकहो, मधल्या सुट्टीत बाई फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या दिसल्या तर लगेच तक्रार करू नका. कदाचित तुमच्याच लेकीची वजाबाकी चाललेली असेल.

गट काढल्यावर पहिला आठवडा सगळे गप्प असतात, कारण आपल्याला अडतं हे आधी कोणी म्हणायचं? ज्यानं गट काढला त्यानंच म्हणावं. उद्याच्या वह्या तपासताना एक पान बाजूला ठेवा आणि तेच टाका.