रूळ ओलांडताना जीव जातो, भरपाईही मिळत नाही

कोरोनाची वर्षं सोडली तर मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं दगावतात. यातले जवळपास निम्मे मृत्यू रूळ ओलांडताना होतात. मुंब्रा, कळवा, कुर्ला, गोवंडी इथे रुळांच्या दोन्ही बाजूंना दाट वस्ती आहे. पूल लांब पडला की माणूस जवळची वाट धरतो.

१९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७ यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतं. पण खरा फटका घराला बसतो. गाडीतून पडून प्रवासी गेला, तर वारसांना रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडून आठ लाख रुपये मिळू शकतात. रूळ ओलांडणाऱ्याला ही तरतूद लागू होत नाही. प्रवाशाच्या अंगावर तिकीट सापडलं नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून पडून गेलेल्यांच्या घरच्यांनी दावा जरूर करावा.

नुसती भिंत बांधून भागत नाही, लोक त्यात भगदाड पाडतात. जिथे लोक रोज ओलांडतात, तिथेच पूल हवा. ही मागणी आपल्या नगरसेवकांकडे, खासदारांकडे लावून धरा. आणि तोवर मुलांना बजावून सांगा: पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल, पण पुलावरूनच या.