लेकीची कमाई, बाबांचे विवरणपत्र

समजा, इंदूरच्या एका मराठी कुटुंबातली सोळा वर्षांची मुलगी. शाळेच्या नाटकात कुणाच्या तरी नजरेत भरली आणि एका जाहिरातीत चमकली. मानधन ठरले 60,000 रुपये. हाती पडले 54,000, कारण दहा टक्के कर आधीच कापला गेला. घरात पेढे वाटून झाले आणि जुलै उजाडला. वडील विवरणपत्र भरायला बसले तेव्हा प्रश्न आला: ही रक्कम कुणाच्या नावावर दाखवायची?

शेजारच्या काकांचे उत्तर तयार होते, "मूल अज्ञान, म्हणजे सगळे बापाच्याच डोक्यावर!" काकांचे अर्धेच बरोबर आहे. 1992 च्या वित्त कायद्याने अज्ञान मुलांची मिळकत आईवडिलांच्या मिळकतीत मिळवण्याची तरतूद आणली. दोघांपैकी ज्याची मिळकत जास्त, त्याच्या मिळकतीत ती जाते. मुलांच्या नावे ठेवी ठेवून कर वाचवण्याची वाट त्यामुळे बंद झाली. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. मुलाने अंगमेहनत करून किंवा स्वतःचे कौशल्य, कला, विशेष ज्ञान वापरून मिळवलेले पैसे त्याचे स्वतःचेच धरले जातात. दुकानात माल उचलणारा सतरा वर्षांचा मुलगा असो की तबलजी, नियम तोच. 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे.

आता हिशेब पाहा. वडील वीस टक्क्यांच्या टप्प्यात असतील आणि त्यांनी हे 60,000 स्वतःच्या मिळकतीत दाखवले, तर उपकरासह 12,480 रुपये कर बसेल. मुलीच्या नावाने वेगळे विवरणपत्र भरले, तर कर शून्य. नव्या करप्रणालीत 2025-26 या वर्षासाठी चार लाखांपर्यंत कर नाही. शिवाय कापलेले 6,000 परत मिळतात. मात्र विवरणपत्र भरले नाही तर ते तसेच अडकून राहतात, आणि बहुतेक घरांत नेमके हेच होते.

त्यासाठी मुलीचे स्वतःचे पॅन हवे. ते अज्ञान वयातही काढता येते. ते दिले नसते तर कर दहाऐवजी वीस टक्के कापला गेला असता. विवरणपत्र पालकाने प्रतिनिधी म्हणून भरायचे. अठरा पूर्ण झाल्यावर फोटो आणि सहीचे नवे कार्ड घ्यायचे.

खरी गफलत होते ती पुढे. त्या 54,000 मधले 50,000 मुलीच्या नावे मुदत ठेवीत ठेवले आणि सात टक्क्यांनी वर्षाला 3,500 व्याज आले. हे व्याज कलेतून आलेले नाही, ठेवीतून आले आहे. म्हणून ते पालकाच्याच मिळकतीत मिळवावे लागते. मूळ रक्कम लेकीची, तिच्यावरचे व्याज मात्र बापाच्या खात्यात! जुन्या प्रणालीत दर मुलामागे 1,500 रुपयांची सूट मिळते. नव्या प्रणालीत तीही नाही. चौदा वर्षांखालील बालकलाकारांच्या मिळकतीतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याचा नियम 2017 पासून आहे. त्या ठेवीवरच्या व्याजालाही हाच न्याय.

एकदा एका पालकाच्या मिळकतीत हे व्याज मिळवले, की पुढच्या वर्षी सोयीनुसार दुसऱ्याकडे वळवता येत नाही. अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. अठराव्या वाढदिवसाचे वर्ष तर दोन तुकड्यांचे: वाढदिवसापर्यंतचे व्याज पालकाचे, त्यानंतरचे लेकीचे. बँकेकडून त्या तारखेपर्यंतच्या व्याजाचा वेगळा हिशेब आधीच मागून घेतलेला बरा.