सिनेमाला ‘ए’चा शिक्का बसतो, पण पोराच्या हातातल्या मोबाईलचं काय?

परवा पारावर विषय निघाला. एक जण म्हणाला, मारामारी जास्त असली की सिनेमाला ‘ए’ देतात. दुसरा म्हणाला, ते मंत्री ठरवतात. दोन्ही अर्धवट आहे.

थिएटरात लागणाऱ्या प्रत्येक सिनेमाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचा दाखला लागतो. आपण त्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो. कायदा 1952 चा, मुख्य कार्यालय मुंबईत. मोठा सिनेमा बोर्डाचा एक अधिकारी आणि सल्लागार मंडळाचे चार सदस्य बसून बघतात. त्यात महिला असाव्याच लागतात. निर्मात्याला निकाल पटला नाही तर सिनेमा दुसऱ्या, मोठ्या समितीकडे जातो. तिथंही जमलं नाही तर हायकोर्ट. आधी मध्ये एक न्यायाधिकरण होतं, ते 2021 मध्ये बंद झालं.

एखादा सीन उचलून निर्णय घ्यायचा नसतो, पूर्ण सिनेमाचा परिणाम बघायचा असतो. फूलनदेवीवरचा ‘बँडिट क्वीन’ आठवा. त्यातल्या दृश्यांवरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1996 मध्ये कोर्टाने सांगितलं, दृश्यं कथेच्या संदर्भात बघा, आणि ‘ए’ दाखला कायम ठेवला. म्हणजे मोठ्यांनी बघावा, लहानांनी नाही.

निर्माते मात्र ‘ए’ला घाबरतात. कुटुंबाचा प्रेक्षक तुटतो, टीव्हीवरही तसाच दाखवता येत नाही. म्हणून बरेच जण सीन कापून ‘यूए’ घेतात. 2023 च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग झाले: 7, 13 आणि 16 वर्षांवरील. पण इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘यूए’ म्हणजे बंदी नाही, आईबापांना दिलेली सूचना आहे. बंदी फक्त ‘ए’ला. 18 च्या आतल्या पोराला आत सोडलं तर थिएटरवाल्यावर गुन्हा होतो.

आता खरा प्रश्न. आपल्या गावात थिएटर आहेच कुठं? पोरं बघतात मोबाईलवर. ओटीटीवर येणाऱ्या वेबसिरीज बोर्डाकडे जातच नाहीत. 2021 च्या नियमांप्रमाणे वयाचा शिक्का कंपनी स्वतःच लावते. 13 वर्षांवरच्या गोष्टींना लॉकची सोय द्यायची आणि ‘ए’ असेल तर वय तपासायची व्यवस्था ठेवायची, असं बंधन आहे. पण लॉक लावायचं काम आपलं.

आणि आपल्याकडे काय होतं? फोन बापाचा, रिचार्ज बापाचा, पण अकाउंट पोराने काढून दिलेलं. पासवर्ड पोरालाच पाठ. माझ्या घरातही हेच होतं. मागच्या महिन्यात मी स्वतः बसून सेटिंगमध्ये पोराचं वेगळं प्रोफाईल केलं, वय टाकलं, पिन लावला. दहा मिनिटं लागली.

थिएटरच्या दारावर डोअरकीपर असतो. घरातला डोअरकीपर आपणच. आज रात्री जेवण झाल्यावर तेवढं करून टाका.