पुसेगावचे पत्र

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावहून आमच्याकडे एक पत्र आले आहे. लिहिणारी मुलगी बारावीत शिकते. कोरियाचा इतिहास आणि संस्कृती हा विषय घेऊन पदवी संपादन करण्याची तिची इच्छा आहे. घरच्यांना हे खूळ वाटते, मैत्रिणी दूरदर्शन मालिकांवरून थट्टा करतात आणि शिक्षक स्पर्धा परीक्षेचा सल्ला देतात. 'आपल्या संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्याने परक्या देशाचा इतिहास शिकणे चूक आहे काय?' असा तिचा प्रश्न आहे.

पत्र वाचून प्रथम आम्हालाही हसू आले, हे कबूल केले पाहिजे. नंतर मात्र वाटले, की मराठवाड्यातील मुलीने हा विषय निवडावा यात नवल असे काहीच नाही.

इ. स. १९३८ हे साल घ्या. त्या वर्षी निजामाच्या राज्यात 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठातून आणि त्याच्या महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. ज्या राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होती, त्या राज्याने १९१८ साली स्थापलेल्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलांना मातृभाषेतून शिकता यावे, म्हणून हिप्परग्यासारख्या गावी राष्ट्रीय शाळा काढाव्या लागल्या. त्याच १९३८ साली जपानी राज्यकर्त्यांनी कोरियातील शाळांत कोरियन भाषेचे सक्तीचे स्थान काढून घेतले आणि पुढे दोनच वर्षांत लोकांना जपानी धर्तीची नावे घ्यावयास लावले. कोरियन भाषेचा शब्दकोश सिद्ध करणाऱ्या विद्वानांना १९४२ साली अटक झाली. त्यांपैकी दोघे तुरुंगात मरण पावले. जप्त झालेले कोशाचे हस्तलिखित १९४५ च्या सप्टेंबरात सेऊल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले आणि १९४७ साली पहिला खंड छापून निघाला. स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने आपला कोश गोदामातून शोधून काढावा, या घटनेचे मोल ज्याच्या आजोबांनी मराठी शाळेसाठी वर्गणी गोळा केली त्याला अधिक कळेल. कोरियाचा मुक्तिदिन १५ ऑगस्ट १९४५ हा आहे. मराठवाड्यास त्यानंतर तीन वर्षे, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, वाट पाहावी लागली.

दुसरे साम्य याहून जुने आहे. पुसेगावच्याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव बालवयाचे असताना, तेराव्या शतकाच्या नवव्या दशकात, इर्योन नावाचा वृद्ध कोरियन भिक्षू 'सामगुक युसा' हा आपल्या देशाच्या प्राचीन कथांचा ग्रंथ रचीत होता. त्याने तो चिनी भाषेत लिहिला, कारण कोरियन भाषेस स्वतःची लिपीच नव्हती. इकडे १२९० साली ज्ञानेश्वरी लोकांच्या भाषेत अवतरली. कोरियातील सामान्य माणसाला आपली लिपी मिळण्यासाठी राजा सेजोंगची वाट पाहावी लागली. १४४६ साली त्याने ती प्रसिद्ध केली, तेव्हा दरबारातील पंडितांनी आधीच विरोध नोंदविला होता. पंडितांचा हा स्वभाव आळंदी-पैठणच्या वाचकास नव्याने सांगावयास नको.

'सामगुक युसा'चे नाव आपल्याकडे वेगळ्याच कारणाने ऐकू येते. 'आयुता' देशाची राजकन्या इ. स. ४८ मध्ये समुद्रमार्गे कोरियास गेली आणि गाया राज्याच्या सुरो राजाची राणी झाली, ही कथा त्यात आहे. किमहे येथील किम आणि हो ही घराणी स्वतःस तिचे वंशज मानतात. अयोध्येत २००१ साली तिचे स्मारक झाले, २०१८ च्या दीपोत्सवास कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी आल्या आणि २०१९ साली दोन्ही देशांनी मिळून टपाल तिकिटे काढली. या स्नेहाचा आम्हास आनंदच आहे. तथापि आमच्यातील उत्साही मंडळींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'आयुता' म्हणजे अयोध्याच, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. ग्रंथ घटनेनंतर बाराशेहून अधिक वर्षांनी रचलेला आहे, आणि त्या काळी अयोध्येचे प्रचलित नाव साकेत होते, असा आक्षेप अभ्यासक घेतात. त्याला उत्तर द्यावयाचे तर मूळ ग्रंथ वाचता येणारा माणूस आपल्याकडे हवा. तो नसेल तर घोषणा आपल्या आणि पुरावा इतरांचा, अशी स्थिती राहील.

कोरियन इतिहासकारांनी हे काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. प्राचीन काळी जपानची सत्ता याच गाया प्रदेशात होती, असे जपानी साम्राज्याच्या पंडितांनी मांडले आणि त्यातून आपल्या राज्याचा हक्क सिद्ध करू पाहिला. आपल्या माथी मारलेल्या आर्य आक्रमणाच्या सिद्धान्ताची येथे आठवण होते. कोरियन अभ्यासकांनी गायाची थडगी उत्खनिली, शस्त्रे आणि खापरे तपासली, जपानी दाव्यातील उणिवा एकेक करून दाखविल्या. २०२३ साली त्या थडग्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

युद्धोत्तर कोरियात १९५३-५४ साली भारतीय संरक्षक दलाचे नेतृत्व कोल्हापूरच्या शंकरराव थोरात यांनी केले होते. मायदेशी परतू न इच्छिणाऱ्या हजारो युद्धकैद्यांचा सांभाळ करण्याचे ते अवघड काम होते. ही गोष्ट आज किती मराठी पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते?

आता व्यवहाराचे. रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कारखान्यांमुळे दुभाष्यांना काम मिळते, म्हणून भाषावर्ग चालतात. ते चालावेत; पण दुभाषी आणि इतिहासकार यांत अंतर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावरील परकीय भाषांत कोरियनचे नाव घातले आहे. तिला शिक्षक कोठून आणणार? नांदेडच्या ज्या विद्यापीठास स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे, त्याने पूर्व आशियाच्या इतिहासाची एक अभ्यासपत्रिका मराठीतून सुरू करावी, अशी आमची सूचना आहे. त्यास इमारत लागत नाही. ग्रंथालयात एक कपाट आणि दोन चिकाटीचे अध्यापक पुरेत.

पुसेगावच्या मुलीस आम्ही कळविले आहे, की कोरियन भाषेची पदवी दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मिळते. त्या विद्यापीठाच्या वातावरणाविषयी आमची मते सर्वश्रुत आहेत, तरी प्रवेश परीक्षा अवश्य द्यावी. जोडीला संस्कृत किंवा पाली सोडू नये, जुन्या कोरियन ग्रंथांसाठी चिनी अक्षरेही शिकावीत, आणि पहिला लेख मराठीत लिहून आमच्याकडे धाडावा. तिच्या वडिलांनाही स्वतंत्र पत्र लिहिले होते. तुरीची रास आटोपली की भेटावयास येतो, असा त्यांचा निरोप आहे.