पेपर कसा गेला?

डिग्री हातात पडली की हा प्रश्न कायमचा संपतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच ऑफिसात एक चक्कर मारावी. अर्धी जनता वीकेण्डला क्लासला! कोणी जर्मन शिकतंय, कोणी नोकरी सांभाळून सायकॉलॉजीत एम. ए. करतंय. माझ्या टीममध्ये दोन्ही नमुने आहेत. त्यांच्या परीक्षा शेजारी ठेवून पाहिल्या आणि जाम मजा वाटली.

आधी भाषा. काउन्सिल ऑफ युरोपने २००१ साली भाषेच्या सहा पायऱ्या जाहीर केल्या, ए-वन ते सी-टू. मॅक्स म्युलर भवनची बी-वन घ्या. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, आणि प्रत्येकात १०० पैकी ६० हवेतच. बोलण्याच्या भागात पार्टनरसोबत काहीतरी प्लॅन ठरवायचा असतो. तिथे व्याकरणाचे नियम नुसते पाठ असून भागत नाही, बॉस! तोंड उघडावंच लागतं. आणि ऐकण्यात गचकलात तर तेवढाच भाग पुन्हा द्यायचा.

आता सायकॉलॉजी. इथली प्रॅक्टिकल्स एकदम झकास. आरशात बघून चांदणी गिरवा, निरर्थक अक्षरं लक्षात ठेवा, धाकट्या भावाला पकडून 'सब्जेक्ट' बनवा. मग जर्नलवर सही आणि एक्स्टर्नलसमोर व्हायवा. पण बऱ्याच ठिकाणी मार्कांचं मोठं गाठोडं असतं ते लेखी पेपरात. 'टीप लिहा : विस्मरणाची कारणे.' ती टीप आदल्या रात्री घोकायची, सकाळी ओतायची आणि संध्याकाळी विसरायची!

खरी गंमत पुढेच आहे. या घोकंपट्टीचं पितळ उघडं पाडलं ते सायकॉलॉजीनेच. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर चित्र उलटं : लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे परीक्षा नुसती मोजत नाही, ती शिकवतेसुद्धा. फक्त ती वर्षाच्या शेवटी एकदाच उगवून चालत नाही.

२०२०च्या शैक्षणिक धोरणातही सतत मूल्यमापनावर भर आहे. पण 'इंटर्नल' म्हणजे शेवटच्या आठवड्यात नेटवरून उतरवलेली असाइनमेंट असेल, तर मार्क पडतात, डोक्यात काही पडत नाही.

आपण फी भरतो स्वतःच्या पगारातून आणि रविवार घालवतो तो वेगळाच. मग अॅडमिशन घेताना तीन प्रश्न बिनधास्त विचारा. वर्षात किती वेळा तपासणार? काय करून दाखवायचं? चुकलं कुठे, ते सांगणार का?

उत्तर 'शेवटी एकच पेपर' असं आलं, तरी हरकत नाही. दर रविवारी पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहा. मार्क कोणी देणार नाही. पण पुढच्या रविवारी डोक्यात किती उरलंय, ते बघा!