आजोबांच्या शेजारी कोण बसणार?

आमच्या अण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, वय ७९. सारी नोकरी बँकेत गेली. खातेदाराचा चेहरा पाहून खाते क्रमांक सांगणारा माणूस. गेल्या वर्षी एका लग्नात त्यांना समोर उभ्या असलेल्या मावसभावाचे नाव आठवेना. बाकीच्यांनी थट्टेवारी नेले, पण अण्णा पंगतीला बसलेच नाहीत.

ही हकीकत ऐकून आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून टॅबलेट पाठवला. त्यात मेंदूला व्यायाम देणारे खेळ भरलेले होते. आठ दिवस अण्णा उत्साहाने बसले आणि नवव्या दिवशी टॅबलेट कपाटात, स्वेटरखाली गेला. विचारले तर म्हणाले, डोळे दुखतात. खरे कारण महिन्याभराने बाहेर आले. “पहिल्या दिवशी बरा होतो, सूनबाई. आता रोज जास्तच चुकतो. काय समजायचं ते मी समजलो.”

मला अगदी कसेसे झाले. कारण हे खेळ चालतात कसे, ते त्यांना आम्ही कुणी सांगितलेच नव्हते. चार चित्रे लक्षात राहिली की यंत्र पुढच्या वेळी पाच दाखवते, पाच जमली की सहा, आणि तीही आधीपेक्षा कमी वेळ. माणूस जसजसा सुधारेल तसतसा खेळ अवघड होत जातो. तालमीत वजन वाढवत नेतात तसेच हे. म्हणजे थोडेफार चुकत राहावे, हाच त्यामागचा बेत! पण जन्मभर ताळेबंद पैपर्यंत जुळवलेल्या माणसाला पडद्यावरची लाल फुली काय सांगत असेल, याचा विचार आपण करतच नाही. टॅबलेट हाती दिला की कर्तव्य संपले.

या खेळांचा उपयोग होतो का? थोडा होतो, पण जाहिराती सांगतात तितका नाही. ‘ल्युमॉसिटी’ या गाजलेल्या खेळांच्या कंपनीला २०१६ साली अमेरिकेत, पुराव्याविना मोठमोठे दावे केल्याच्या प्रकरणात, २० लाख डॉलर भरावे लागले. उलट त्याच देशात ६५ वर्षांवरच्या २,८३२ जणांवर ‘अॅक्टिव्ह’ नावाचा मोठा प्रयोग झाला. पाच-सहा आठवड्यांत तास-सव्वा तासाच्या दहा बैठका. २०१४ साली दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष आले, तेव्हा तर्कशक्ती आणि झटपट टिपण्याचा वेग यांतला फायदा काही प्रमाणात टिकलेला दिसला. स्मरणशक्तीच्या सरावाचा मात्र टिकला नव्हता. आणि या बैठका लहान गटांत, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली झाल्या होत्या, हे विसरू नका.

त्याच २०१४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी वृद्धांवरील अशा ५२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कुणी देखरेख करत असताना, चारचौघांत बसून केलेल्या सरावाचा लहानसा पण निश्चित लाभ दिसला. घरी एकट्याने केलेल्या सरावाचा जवळजवळ नाहीच. आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा बसूनही काही हाती लागत नव्हते, आणि अर्ध्या तासाहून छोटी बैठकही वायाच. ‘रोज करा हं बाबा’ असा फोनवरून धोशा लावणाऱ्या मुलांनी हे जरूर वाचावे.

मग मी ठरवले की मंगळवारी आणि शुक्रवारी, रात्रीची झाकपाक झाल्यावर, आपणच अण्णांजवळ बसायचे. आधी अक्षर मोठे केले, आवाज वाढवला. वय झाले की बोटे कोरडी पडतात आणि पडदा स्पर्श नीट ओळखत नाही. अण्णा मात्र समजत की आपलेच चुकले! बोट किंचित ओले केले की काम होते. इंग्रजी सूचना मी मराठीत सांगते. नातवंडांनी गुणांची तुलना करायची नाही, हा नियम घातला. मी स्वतः खेळले तेव्हा पहिल्याच फेरीत माझ्या सात चुका झाल्या, त्यांच्या पाच. त्या रात्री अण्णा फारा दिवसांनी मोठ्याने हसले.

एक मात्र खरे, की विसरणे वाढून पैशांचे व्यवहार चुकू लागले, ओळखीचा रस्ता सापडेना झाला, तर खेळांवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी यांनीही विसरायला होते आणि त्यांवर उपचार आहेत. ऐकूही कमी येत असेल तर तेही तपासून घ्यावे. आम्ही अण्णांच्या तपासण्या करून घेतल्या.

मावसभावाचे नाव पुढे कधीतरी त्यांना आपोआप आठवले. त्याचे श्रेय मी टॅबलेटला देणार नाही.

परवाच्या शुक्रवारी पाहुणे आले आणि बैठक बुडाली. शनिवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर अण्णा चष्मा लावून तयार. टॅबलेट माझ्यापुढे सरकवत म्हणाले, “कालची बाकी आहे.”