‘डोक्यात बसत नाही’ हा रोग नव्हे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला. महिनाभर डोके दुखते, जेवण जात नाही, झोप लागत नाही. चष्म्याचा नंबर पाहून झाला होता, रक्त-लघवी तपासून झाली होती. सगळे ठीक. वडिलांना थोडे बाहेर बसवून मी मुलीला विचारले, ‘‘बाळ, कोणत्या विषयाला डोके दुखते?’’ ती आधी हसली, मग रडली. विषय होता इंजिनिअरिंग ड्रॉइंग. एखादी वस्तू वरून कशी दिसेल, बाजूने कशी दिसेल हे कागदावर काढायचे. तिला ते ‘दिसतच’ नव्हते. वडील आत आले आणि म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, पोरींच्या डोक्यात हे बसत नाही. नाव काढून घेतो आणि पुढच्या वर्षी अकरावी आर्ट्‌सला घालतो.’’

वाचकहो, मी गोळी लिहून दिली नाही. दोन महिने थांबा, एवढेच वडिलांना सांगितले. कारण हा प्रसंग माझ्यावरही येऊन गेला आहे. एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत हाड हातात देतात आणि विचारतात, डाव्या बाजूचे की उजव्या? मी गळ्याच्या हाडाची बाजू चुकीची सांगितली आणि परीक्षकांनी मला बाहेरचा रस्ता दाखवला. पुढचा महिनाभर मी ते हाड उशाखाली घेऊन झोपलो. डोळे मिटून हाताने फिरवायचे, मग न फिरवता मनातच फिरवायचे. ते जमले. आज छातीचा एक्स-रे पाहताना रुग्णाची उजवी बाजू माझ्या डावीकडे असते, याचा विचारही करावा लागत नाही. गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाची पाठ कुठे, डोके कुठे, हे मनात उभे करतो तेही याच सवयीने.

वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याच्या या शक्तीचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ साली आठ माणसांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या १६०० जोड्या दाखवल्या. दोन्ही आकृत्या एकच आहेत की वेगळ्या, एवढेच सांगायचे. आकृती जितकी जास्त फिरलेली, तितका उत्तराला वेळ जास्त, आणि तोही अगदी प्रमाणात. सेकंदाला साधारण ६० अंश! म्हणजे हातात ठोकळा फिरवावा तसा माणूस तो मनात खरोखरच फिरवतो. मेंदूचा वरचा-मागचा भाग, ज्याला आम्ही पॅरायटल लोब म्हणतो, तो या वेळी कामाला लागतो.

ही शक्ती जन्मतः मिळते ती तेवढीच राहते का? नाही. डेव्हिड उटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अशा सरावाच्या २१७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सरावाने सुधारणा होते, ती काही काळ टिकते आणि मिळत्याजुळत्या दुसऱ्या कामांतही उपयोगी पडते, असा निष्कर्ष निघाला. मिशिगनमधील शेरिल सॉर्बी या इंजिनिअर बाईंना स्वतःला विद्यार्थिदशेत ड्रॉइंग जड गेले होते. त्यांनी १९९३ पासून या चाचणीत मागे पडलेल्या मुलामुलींसाठी खास वर्ग चालवले. ती मुले ड्रॉइंगमध्ये सुधारली आणि शिक्षण अर्ध्यावर सोडणारेही कमी झाले.

आता ‘पोरींच्या डोक्यात बसत नाही’ याविषयी. या चाचणीत सरासरीने पुरुषांना गुण जास्त पडतात, हे खरे आहे. लपवण्यात अर्थ नाही. पण सरासरी म्हणजे तुमची मुलगी नव्हे. आणि सरावाने मुलगे-मुली दोघेही सुधारतात. मी त्या वडिलांना विचारले, ‘‘घरी ब्लाऊज कोण शिवते?’’ ‘‘हिची आई.’’ सपाट कापडावर उलट बाजूने खुणा करून, डावी-उजवी बाही वेगळी बेतून, उलटल्यावर अंगाला बरोबर बसेल असा ब्लाऊज शिवणे हे ड्रॉइंगच आहे. दारातली ठिपक्यांची रांगोळी एका कोपऱ्यातून चारी बाजूंना फिरवत नेणारी बाई दुसरे काय करते? घरातले हे गणित आपण गणित मानत नाही, एवढाच फरक.

घरी करण्यासारखे काही सराव सांगतो. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. नियम एकच : आधी मनात उत्तर ठरवा, मग हाताने करून पडताळा. नुसते करून पाहिले तर सराव होत नाही.

१) काकडी घ्या. आडवी कापली तर काप गोल. तिरकी कापली तर? उभी कापली तर? आधी कागदावर काढा, मग सुरी चालवा. बटाट्याचा चौकोनी ठोकळा करून त्याचा एक कोपरा उडवा आणि तो समोरून, वरून, बाजूने कसा दिसतो ते काढा.

२) कागदाची दोनदा घडी घाला आणि घडीच्या मधोमध एक भोक पाडा. उलगडल्यावर किती भोके, कुठे कुठे? आकाशकंदिलाची जाळी कापणाऱ्या मुलांना हे चटकन येते.

३) सापशिडीचा फासा घ्या. वर १ आणि तुमच्याकडे २ ठेवा. फासा तुमच्यापासून पलीकडे एकदा उलटला तर वर काय येईल? तुमच्याकडे काय येईल? (समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी ७ असते.)

४) एस.टी. स्टँडवरून घरी येतानाची वळणे मुलाला सांगायला लावा. मग घरून स्टँडला जातानाची. डावे उजवे होते आणि क्रमही उलटतो.

सुरुवातीला हात हवेत फिरवून पाहिले तर बिनधास्त फिरवू द्या. त्याने सोपे जाते, त्यात लाज नाही.

आता दोन इशारे. पहिला, या गोष्टींच्या नावावर दुकान मांडणाऱ्यांपासून सावध राहा. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवतो, मेंदू जागा करतो, म्हणून हजारो रुपये उकळणारे वर्ग तालुक्याच्या गावापर्यंत आले आहेत. पट्टी बांधून डोळ्यांनी वाचता येत नाही. वाचता आले तर पट्टीला फट आहे. अमेरिकेत मेंदू तल्लख करण्याच्या खेळांची भरमसाट जाहिरात करणाऱ्या एका कंपनीला २०१६ साली २० लाख डॉलर भरावे लागले. मी सांगितलेल्या सरावाने आकृती दिसायला लागेल, भूमिती आणि ड्रॉइंग सोपे जाईल. मूल सर्व विषयांत हुशार होईल किंवा म्हातारपणी स्मृतिभ्रंश टळेल, असे मी म्हणणार नाही.

दुसरा इशारा मोठ्यांसाठी. ज्या माणसाला आयुष्यभर वाटा पाठ होत्या, तो ओळखीच्या गल्लीत चुकू लागला, सदऱ्याच्या बाह्या त्याला उमजेनाशा झाल्या, तर ते कोडी घालण्याचे काम नाही. डॉक्टरला दाखवा. आणि एखादा माणूस अचानक ताटातले एकाच बाजूचे जेवू लागला, एका बाजूचे त्याला कळेना, तर तो पक्षाघात असू शकतो. त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या.

ती मुलगी? दोन महिने घरी काकड्या-बटाट्यांचे बरेच काप झाले. पहिल्या परीक्षेत ड्रॉइंग राहिले, पुढच्या वेळी निघाले. गुण काठावरचे. बटाट्याने पास केले की तिच्या जिद्दीने, ते मी सांगू शकत नाही. पण तिचे नाव कॉलेजात आहे आणि डोके दुखत नाही.

‘डोक्यात बसत नाही’ हे वाक्य मुलाच्या कपाळावर लिहिण्याआधी आईबापांनी आणि गुरुजींनी एकदा त्याच्या हातात ठोकळा द्यावा, इतकीच विनंती.

(फाशाचे उत्तर : वर २, तुमच्याकडे ६.)